अर्धा बंद केलेला हीट एक्स्चेंजर आणि त्याचा रिलीफ व्हॉल्व्ह

प्रश्न असा आहे. प्लँटमध्ये एक शेल-अँड-ट्यूब कूलर आहे, म्हणजे बाहेर मोठं शेल आणि त्याच्या आत बारीक ट्यूबचा जुडगा. शेलमधून साधारण १८० अंश सेल्सिअसचा सॉल्व्हंट जातो, ट्यूबमधून कूलिंग वॉटर जायचं. ऊर्जाबचतीच्या बदलानंतर पुढच्या कॉलमला (ऊर्ध्वपातनाच्या मनोऱ्याला) गरम फीडच हवा, म्हणून पाणी कायमचं बंद केलं आणि पाण्याच्या दोन्ही लाइनींवर ब्लाइंड, म्हणजे लाइन बंद करणाऱ्या चकत्या, मारले. बायपास नसल्यामुळे सॉल्व्हंट मात्र अजूनही शेलमधूनच जातो. नेमप्लेटवर शेल १२ बार, ट्यूब बाजू ६ बार. ट्यूब बाजूचा पाऊण इंची थर्मल रिलीफ व्हॉल्व्ह, म्हणजे टीआरव्ही (कोंडलेला द्रव तापून फुगला की उघडणारा), टेस्टिंगसाठी वर्कशॉपमध्ये आलाय आणि 'ती बाजू बंदच आहे, तर परत कशाला बसवायचा' असं प्लँटमध्ये म्हणतात. प्रश्नाचा दुसरा भाग: शेजारच्या कॉलमचा एक रिबॉयलर (कॉलमच्या तळाचा द्रव उकळवणारा एक्स्चेंजर) नुसते व्हॉल्व्ह बंद करून स्टँडबाय ठेवलाय. त्याला स्वतःचा सेफ्टी व्हॉल्व्ह नाही, कॉलमच्या माथ्यावरच्या पीएसव्हीवरच, म्हणजे प्रेशर सेफ्टी व्हॉल्व्हवरच, त्याची भिस्त आहे. हे चालेल का?

दोन्हींचं उत्तर नाही. टीआरव्ही काढून टाकता येणार नाही आणि रिबॉयलर आहे तसा ठेवता येणार नाही. पण तोच पाऊण इंची व्हॉल्व्ह परत बसवला की पहिल्या भागाचं काम झालं, असंही नाही. कारणं पुढे देतो, त्याआधी एक गोष्ट आजच्या आज करा. टीआरव्ही वर्कशॉपमध्ये आहे, तर त्याच्या नोझलवर सध्या काय आहे ते जाऊन बघा. व्हॉल्व्ह काढला की उघड्या नोझलला ब्लँक फ्लँज लावायची पद्धत सगळीकडे आहे. इथेही तसं झालं असेल तर पाण्याच्या दोन्ही तोंडांना ब्लाइंड, वर ब्लँक, आणि शेलमधून १८० अंशांचा सॉल्व्हंट वाहतोय. म्हणजे ट्यूब बाजू या क्षणी चहूकडून कोंडलेली आहे. आत पाणी उरलं असेल तर आत दाबही आहे, असं धरूनच पुढचं पाऊल टाका. घाईनं ड्रेन उघडू नका. कोंडलेलं गरम पाणी उघडताक्षणी वाफ होऊन समोरच्याच्या अंगावर येतं. शेलमधला गरम प्रवाह थांबवा, एक्स्चेंजर गार होऊ द्या, गेजवर खात्री करा आणि मग व्हेंट हळूहळू सैल करा. उत्पादनाचे काही तास जातील. ते जाऊ द्या.

आता मुळाशी येऊ. हीट एक्स्चेंजरला आपण एक टॅग नंबर देतो, म्हणून तो डोक्यात एकच उपकरण म्हणून बसतो. प्रत्यक्षात ती दोन प्रेशर व्हेसल आहेत आणि त्यांच्यात एक सामायिक भिंत आहे, ती म्हणजे जेमतेम दोन मिलिमीटर जाडीच्या शेकडो ट्यूब आणि त्यांचे ट्यूबशीटमधले (ट्यूबची टोकं बसवलेल्या जाड पत्र्यातले) जोड. या भिंतीतून उष्णता जावी म्हणूनच ती इतकी पातळ ठेवलेली असते. तुम्ही पाणी बंद केलं, लाइनी तोडल्या, कागदावर 'सेवेतून काढले' लिहिलं, तरी भिंतीपलीकडची उष्णता यायची थांबत नाही. भिंत फुटली तर पलीकडचा दाबही येतो. चालू बाजूला चिकटलेली बंद बाजू खऱ्या अर्थानं बंद होतच नाही. म्हणून अशा ठिकाणी 'ही बाजू सर्व्हिसमध्ये आहे का' हा प्रश्न कामाचा नाही. आत काय उरलंय, त्याला कोण तापवू शकतं, आत काय घुसू शकतं आणि वाढलेला दाब कुठून बाहेर पडेल, हे चार प्रश्न विचारायला हवेत. पहिल्या तिन्हींचं उत्तर 'काहीच नाही' असं प्रत्यक्ष जागेवर दाखवता आलं, तरच चौथा प्रश्न सोडून देता येतो.

पहिलं, आत काय उरलंय. आडव्या एक्स्चेंजरची ट्यूब बाजू पूर्ण रिकामी होते हा मोठा गैरसमज आहे. ट्यूब दोन बॅफलच्या (ट्यूबना आधार देणाऱ्या पत्र्यांच्या) मध्ये थोड्या झुकलेल्या असतात.  चॅनेलमधल्या (ट्यूबच्या तोंडाशी पाणी येतं-जातं त्या कप्प्यातल्या) पास पार्टिशनला निचऱ्यासाठी ठेवलेलं छोटं भोक वर्षानुवर्षांच्या गाळानं बुजलेलं असतं. ड्रेनमधून पाणी यायचं थांबलं म्हणजे पाणी संपलं, असं धरता येत नाही.

थोडंसं पाणी उरलं तर काय बिघडतं? इथे आकडे बघा. १८० अंशांना पाण्याचा बाष्पदाब १० बार निरपेक्ष, म्हणजे गेजवर ९ बार असतो. तुमच्या ट्यूब बाजूची डिझाइन मर्यादा ६ बार आहे आणि तिच्या १.३ पटीनं केलेला हायड्रोटेस्ट (पाण्यानं दाब देऊन केलेली चाचणी) ७.८ बारचा. ट्यूब बाजूचं आकारमान ५०० लिटर धरलं, तर ते सगळं ९ बारच्या वाफेनं भरायला जेमतेम अडीच-पावणेतीन लिटर पाणी पुरतं. एवढं पाणी ट्यूबमध्ये उरणं अगदी सहज शक्य आहे. आणि बाजू काठोकाठ पाण्यानं भरलेलीच कोंडली असेल तर वाफेपर्यंतही थांबावं लागत नाही. ३० अंशांवरून १८० अंशांवर जाताना पाणी सुमारे १२ टक्के फुगतं. न ताणणाऱ्या भांड्यात कोंडलेलं पाणी एका अंशानं तापलं तरी दाब साधारण ६ ते ८ बारनं चढतो. प्रत्यक्षात पोलाद थोडं ताणतं, गॅस्केट थोडं गळतं, म्हणून आकडा कमी येतो. पण अशा ठिकाणी गॅस्केटच्या गळतीवर विसंबून राहायचं नसतं.

पाणी काढून नायट्रोजन भरून ठेवणाऱ्यांसाठीही एक हिशेब. थंड असताना ४ बार गेजला नायट्रोजन भरून दोन्ही बाजू बंद केल्या आणि मग शेल १८० अंशांवर गेलं, तर निव्वळ तापल्यामुळे दाब साडेसहा बार गेजच्या आसपास जातो. मर्यादा ओलांडली, आत थेंबभर पाणी नसताना. जतनासाठी नायट्रोजन ठेवायचा तर नाममात्र दाबाचा ठेवा.

तापमानाकडे दुर्लक्ष होतं म्हणून तेही सांगतो. कूलिंग वॉटरच्या बाजूचं डिझाइन तापमान बऱ्याचदा शंभर अंशांच्या आतबाहेर असतं, कारण पाणी वाहत असेपर्यंत चॅनेल कधी तापतच नाही. पाणी गेलं की चॅनेल, त्याचे फ्लँज, गॅस्केट सगळं हळूहळू शेलच्या तापमानाकडे सरकतं. क्लास १५० च्या साध्या कार्बन स्टील फ्लँजला ३८ अंशांपर्यंत १९.६ बारची परवानगी असते, ती २०० अंशांना १३.८ बारवर येते. तुमच्या दाबाला ते पुरेल, पण नेमप्लेटवरच्या तापमानाबाहेर उपकरण चालवणं हा वेगळा बदल आहे आणि त्याला रीरेटिंग, म्हणजे नव्या मर्यादेची रीतसर तपासणी, करून घ्यावं लागतं. टीआरव्हीची स्प्रिंग आणि सीटही त्या तापमानाला चालणारी आहे का, हे वर्कशॉपमध्ये आलाच आहे तर बघून घ्या.

दुसरं, पलीकडून काय घुसू शकतं. ट्यूब गळली तर शेलमधला १२ बारपर्यंतचा सॉल्व्हंट ६ बारच्या बाजूत येणार. एपीआय ५२१ मध्ये (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या रिलीफच्या मानकात) यासाठी जुना नियम आहे: कमी दाबाच्या बाजूचा हायड्रोटेस्ट दाब, तापमानाची दुरुस्ती करून, जास्त दाबाच्या बाजूच्या डिझाइन दाबाइतका किंवा जास्त असेल, तर ट्यूब फुटण्याच्या प्रसंगासाठी वेगळा रिलीफ लागत नाही. हायड्रोटेस्ट दीडपट असायचा तेव्हा याला दोन-तृतीयांशाचा नियम म्हणत, आता १.३ पटीमुळे दहा-तेरांशाचा म्हणतात. तुमच्याकडे ७.८ विरुद्ध १२. नियम लागू होत नाही, म्हणजे ट्यूब फुटण्याचा प्रसंग धरूनच चालावं लागेल. पाणी चालू होतं तोवर फुटलेल्या ट्यूबमधून आलेला सॉल्व्हंट कूलिंग वॉटरच्या उघड्या लाइनीत जायला जागा होती. ती बाहेरची वाट ब्लाइंड मारून तुम्ही स्वतः बंद केली. बाजू सेवेतून काढल्यामुळे धोका कमी झाला असं वाटतं, इथे तो वाढलेला आहे.

त्यातही ट्यूब गळण्याची शक्यता आता पूर्वीपेक्षा जास्त. वाहतं, रसायनांची मात्रा दिलेलं कूलिंग वॉटर वेगळं आणि ट्यूबच्या तळाशी साचून आटत जाणारं पाणी वेगळं. आटताना त्यातले क्लोराइड गाढ होत जातात. ट्यूब ३०४ किंवा ३१६ स्टेनलेसच्या असतील तर गरम, ओलसर, क्लोराइडयुक्त गाळाखाली स्ट्रेस करोजनच्या भेगा पडायला ही अगदी पोषक स्थिती आहे. कार्बन स्टील असेल तर गाळाखालचे खड्डे पडतील. शिवाय 'सेवेतून काढले' असा शिक्का पडल्यावर ती बाजू तपासणीच्या यादीतूनही निघून जाते.

आता तुमचा पाऊण इंची टीआरव्ही या दोन प्रसंगांना पुरतो का ते बघू. तो बसवला तेव्हा विचार फक्त एवढाच होता की पाण्याचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद झाले आणि सॉल्व्हंट चालू राहिला तर पाणी फुगेल. दर १०० किलोवॉट उष्णतेमागे त्या फुगण्यानं तासाला साधारण ३९ लिटर पाणी बाहेर काढावं लागतं. हे फारच किरकोळ आहे, म्हणून या कामाला पाऊण बाय एक इंची व्हॉल्व्ह डोळे झाकून बसवला जातो. पण तेच पाणी ६ बारला उकळू लागलं, आणि १८० अंशांच्या शेलसमोर ते उकळणारच, तर त्याच १०० किलोवॉटमागे तासाला सुमारे १७४ किलो वाफ होते. त्या दाबाला तिचं आकारमान ४७ घनमीटरच्या आसपास भरतं. ३९ लिटर आणि ४७ घनमीटर, हजारपटीहून जास्त फरक. गरम बाजूचं तापमान थंड बाजूच्या सेट प्रेशरच्या उत्कलनबिंदूपेक्षा जास्त आहे का, हा प्रश्न टीआरव्हीच्या प्रत्येक डेटाशीटमागे विचारलेला असायला हवा. अनेक जुन्या डेटाशीटवर तो विचारलेला दिसत नाही.

ट्यूब फुटण्याचा आकडा आणखी वेगळा. पाऊण इंची, १४ गेजची ट्यूब आतून १४.८ मिलिमीटरची असते. ती ट्यूबशीटजवळ पूर्ण तुटली, दोन्ही तोंडांतून प्रवाह आला, पलीकडे १२ बार आणि अलीकडे उघडलेल्या व्हॉल्व्हचा दाब धरला, तर ७५० किलो प्रति घनमीटर घनतेच्या द्रवासाठी तासाला सुमारे २८ घनमीटर येतात. डी ऑरिफिसचा, म्हणजे ७१ चौरस मिलिमीटरचा व्हॉल्व्ह त्या दाबाला त्याच द्रवाचे साधारण ७ घनमीटर सोडेल. चौपट कमी. तुमचा सॉल्व्हंट ६ बारला अर्धवट वाफ होत असेल तर हिशेब दोन-फेजचा करावा लागेल. तो प्रोसेस इंजिनिअरकडून तुमच्या खऱ्या आकड्यांनी करून घ्या. माझे आकडे प्रमाण कळावं म्हणून दिले आहेत. आणि व्हॉल्व्ह पुरेसा मोठा असला तरी आज त्याचं तोंड कुठे उघडतं? पाण्याच्या टीआरव्हीचा डिस्चार्ज बहुधा जमिनीकडे किंवा गटाराकडे वळवलेला असतो. तिथे १८० अंशांचा सॉल्व्हंट सोडणं म्हणजे आगीला बोलावणं.

आणखी एक गोष्ट ड्रॉइंगवर न बघता जागेवर बघा: ब्लाइंड नेमका कुठे मारलाय. टीआरव्ही बऱ्याचदा चॅनेलवर नसतो, आउटलेट लाइनीवर, नोझल आणि आयसोलेशन व्हॉल्व्हच्या मध्ये असतो. फिटरला सोपा पडतो म्हणून ब्लाइंड थेट नोझलच्या फ्लँजवर मारला असेल तर टीआरव्ही ब्लाइंडच्या पलीकडे गेला. मग तो परत बसवला काय आणि वर्कशॉपमध्ये राहिला काय, एक्स्चेंजरला काहीच फरक पडत नाही. पी अँड आयडीवर (पाइपिंग आणि इन्स्ट्रुमेंटच्या ड्रॉइंगवर) दोन रेघांत हे दिसत नाही.

मग करायचं काय? माझं स्पष्ट मत: पुढच्या शटडाऊनमध्ये सॉल्व्हंटची लाइन स्पूल (पाइपचा तयार तुकडा) टाकून थेट जोडा आणि एक्स्चेंजर पूर्ण बाहेर काढा. दोन्ही बाजू धुऊन, वाळवून, चारही नोझल लाइनींपासून तोडून, ड्रेन-व्हेंट उघडे ठेवून. मग त्याला कुठलाच रिलीफ लागत नाही, कारण दाब यायला वाट नाही आणि कोंडायला जागा नाही. स्पूलचा खर्च एका पीएसव्हीच्या जन्मभराच्या देखभालीपुढे फार नसतो. नुसता पाइप म्हणून एक्स्चेंजर वापरत राहणं ही सोय वाटते, पण त्याच्या ट्यूबशीट, गॅस्केट आणि तपासण्यांचा बोजा तुम्ही विनाकारण वाहत राहता.

तोवरचे महिने कसे काढायचे? ट्यूब बाजू रिकामी करा, कोरड्या हवेनं किंवा नायट्रोजननं बाहेर येणारी हवा कोरडी लागेपर्यंत वाळवा, आणि तिला कायमची उघडी वाट द्या. पलीकडे शेलमध्ये पाणी किंवा हवा असती तर ड्रेन सुरक्षित जागी उघडा ठेवून भागलं असतं. पलीकडे पेट घेणारा सॉल्व्हंट आहे, म्हणून ही वाट बंद ब्लोडाउन ड्रमला (सोडलेला द्रव गोळा करणाऱ्या टाकीला) किंवा फ्लेअर हेडरला (सोडलेला वायू जाळायला नेणाऱ्या पाइपला) जायला हवी, ट्यूब फुटण्याच्या प्रवाहाला पुरेल इतक्या मापाची आणि मध्ये व्हॉल्व्ह नसलेली. व्हॉल्व्ह ठेवावाच लागला तर पूर्ण उघडा आणि कुलूपबंद. अशी वाट शक्य नसेल तर ट्यूब फुटण्याच्या प्रसंगासाठी मापलेला, योग्य ठिकाणी सोडणारा पीएसव्ही लावा. दोन्हींत चॅनेलवर एक प्रेशर गेज ठेवा आणि त्याचं वाचन शिफ्टच्या लॉगशीटमध्ये आणा. कोरड्या, बंद बाजूचं गेज हललं तर ट्यूब गळली, हा निरोप त्याच्याइतका लवकर दुसरं कोणी देणार नाही.

दाबाच्या बाहेरचे पण याच बदलातून येणारे तीन मुद्दे मेकॅनिकलवाल्यांकडून तपासून घ्या. फिक्स्ड ट्यूबशीटचा एक्स्चेंजर असेल तर ट्यूब आणि शेल यांच्या तापमानातला फरक आता मूळ डिझाइनसारखा राहिलेला नाही, आणि ट्यूबशीटवरचा, जोडांवरचा ताण बदलतो. दुसरं, काही ट्यूबशीट पूर्ण दाबासाठी डिझाइन न करता दोन बाजूंच्या दाबातल्या फरकासाठी डिझाइन केलेल्या असतात. तसं नेमप्लेटवर आणि ड्रॉइंगवर लिहिलेलं असतं. एक बाजू शून्यावर आली की तो फरक थेट पूर्ण दाबाइतका होतो आणि डिझाइनची अटच मोडते. नेमप्लेटवर असा शब्द दिसला तर एक्स्चेंजर या स्थितीत चालवूच नका. तिसरं, शेलमधल्या दाबानं रिकाम्या ट्यूब बाहेरून दाबल्या जातात. पातळ किंवा झिजलेल्या ट्यूबसाठी हेही बघायला लागतं. शिवाय पुढच्या कॉलमला आता गरम फीड जातोय, तर त्या कॉलमच्या पीएसव्हीचा हिशेब नव्यानं झाला का, तेवढं विचारा.

आता रिबॉयलर. इथे मी जास्त कळकळीनं लिहितोय, कारण हुबेहूब याच मांडणीत माणसं गेलेली आहेत.

१३ जून २०१३, अमेरिकेतल्या लुईझियाना राज्यात गाइस्मर इथे विल्यम्स कंपनीचा ओलेफिन्स प्लँट. प्रॉपिलीन फ्रॅक्शनेटरला (प्रॉपिलीन वेगळं करणाऱ्या कॉलमला) दोन रिबॉयलर होते, ट्यूबमधून क्वेंच वॉटर, म्हणजे प्लँटमधलंच गरम पाणी, शेलमध्ये प्रोसेस. मूळ डिझाइनमध्ये दोन्ही एकाच वेळी चालायचे, मध्ये आयसोलेशन व्हॉल्व्ह नव्हते, त्यामुळे कॉलमच्या माथ्यावरचे रिलीफ व्हॉल्व्ह दोघांनाही सांभाळायचे. ट्यूब घाण झाल्या की सफाईसाठी सगळं बंद करावं लागे, म्हणून २००१ मध्ये व्हॉल्व्ह बसवले. एक चालू, एक स्टँडबाय. सोय झाली, पण त्या दिवसापासून स्टँडबाय रिबॉयलरचं शेल व्हॉल्व्ह बंद होताच कॉलमच्या रिलीफपासून तुटू लागलं. पुढे धोक्यांच्या अभ्यासात हा मुद्दा आलाही होता, रिबॉयलरचे व्हॉल्व्ह उघडे सील करावेत अशी शिफारस झाली. सील लागलं ते चालू रिबॉयलरला. ज्याला गरज होती तो स्टँडबाय बंदच राहिला. सोळा महिने तो तसाच उभा होता आणि त्या काळात त्याच्या शेलमध्ये द्रव प्रोपेन जमा झालं होतं. बंद व्हॉल्व्हमधून झिरपून किंवा दुसऱ्या एखाद्या वाटेनं ते आलं असावं. त्या सकाळी क्वेंच वॉटरचा प्रवाह कमी झाला आणि स्टँडबाय रिबॉयलरच्या गरम पाण्याचा व्हॉल्व्ह उघडला गेला. कोंडलेलं प्रोपेन तापून फुगलं आणि काही मिनिटांत शेल फाटलं. दोघांचा जीव गेला, १६७ जण जखमी झाले. अमेरिकेच्या केमिकल सेफ्टी बोर्डाचा (रासायनिक अपघात तपासणाऱ्या सरकारी संस्थेचा) अहवाल २०१६ मध्ये आला. तुमच्या प्लँटमधल्या प्रत्येक प्रोसेस इंजिनिअरनं तो वाचावा असं मला मनापासून वाटतं.

पाच वर्षं आधी, ११ जून २००८ ला ह्यूस्टनमधल्या गुडइयरच्या कृत्रिम रबराच्या प्लँटमध्ये असाच प्रसंग घडला. अमोनियानं गार करणारा एक्स्चेंजर होता. आदल्या दिवशी रप्चर डिस्क (ठरलेल्या दाबाला फाटणारी चकती) बदलण्यासाठी रिलीफकडे जाणारा आयसोलेशन व्हॉल्व्ह बंद केला होता. डिस्क बदलून झाली, व्हॉल्व्ह बंदच राहिला. दुसऱ्या दिवशी अमोनियाच्या प्रेशर कंट्रोलकडे जाणारा व्हॉल्व्हही बंद झाला आणि ट्यूब साफ करायला वाफ जोडली. शेलमधल्या अमोनियाला कुठेच वाट नव्हती. एक्स्चेंजर फुटला, एक कर्मचारी दगावली.

दोन्हींत हीच साखळी दिसते. थंड बाजू कोंडलेली, आत द्रव, आणि गरम बाजू लाइनअप करणाऱ्या माणसाला पलीकडचं कोंडलेपण ठाऊक नाही. तुमच्या रिबॉयलरमध्ये यातला एक जरी दुवा जागेवर तोडला तरी साखळी तुटते. पण तो लोखंडानं तोडा, सूचनाफलकानं नव्हे. आपल्याकडे 'व्हॉल्व्ह पास होतोय' हे वाक्य रोज ऐकू येतं. पास होणाऱ्या व्हॉल्व्हमागे ठेवलेलं उपकरण रिकामं राहील, असं आपण कशाच्या आधारावर मानतो? म्हणून दोनच पर्याय मान्य करा. एक, रिबॉयलर खरोखर स्टँडबाय हवा असेल तर त्याच्या शेलवर स्वतःचा पीएसव्ही बसवा, मध्ये व्हॉल्व्ह न ठेवता. दोन, तो नको असेल तर प्रोसेसच्या दोन्ही नोझलवर आणि वाफेच्या किंवा हॉट ऑइलच्या लाइनीवर स्पेक्टॅकल ब्लाइंड (चष्म्याच्या आकाराचा, फिरवून लाइन बंद करणारा) फिरवा, शेल रिकामं करून उघडं ठेवा. क्रम महत्त्वाचा आहे: आधी गरम बाजू तोडायची, मग थंड बाजू. उष्णता येऊ शकते तोवर थंड बाजूची वाट बंद करायची नाही. व्हॉल्व्ह कुलूपबंद उघडा ठेवून कॉलमच्या पीएसव्हीवर अवलंबून राहणं कोडमध्ये अटींसह बसतं, पण त्या अटी पाळणारी शिस्त वीस वर्षं टिकवावी लागते. नवीन बदल करताय तर मी तो मार्ग घेणार नाही.

कागदाचं थोडक्यात सांगतो. ब्लाइंड मारणं हाही बदल आहे. त्याची एमओसी (मॅनेजमेंट ऑफ चेंज, म्हणजे बदलाची मंजुरी) निघायला हवी, ब्लाइंड यादीत नंबर हवा, पी अँड आयडी सुधारायला हवा आणि पीएसव्ही रजिस्टरमध्ये तो व्हॉल्व्ह का ठेवला किंवा का काढला याचं कारण लिहिलेलं हवं. एएसएमईच्या (अमेरिकेतल्या मेकॅनिकल इंजिनिअरांच्या संस्थेच्या) प्रेशर व्हेसल कोडमधल्या ओव्हरप्रेशरच्या तरतुदी २०२१ पासून सेक्शन १३ मध्ये गेल्या आहेत, तेव्हा जुन्या स्पेसिफिकेशनमधले कलम क्रमांक तसेच उचलू नका. तेल-वायू क्षेत्रात असाल तर ऑइल इंडस्ट्री सेफ्टी डायरेक्टोरेटची मानकं, ओआयएसडी-१०६ रिलीफसाठी आणि ओआयएसडी-१३४ एक्स्चेंजरच्या तपासणीसाठी हाताशी ठेवा. आणि 'वापरात नाही, म्हणून कायद्यात येत नाही' असं कुणी म्हणालं, तर १९४८ च्या कारखाने अधिनियमाचं कलम ३१ आठवून द्या; तो कायदा नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२० मध्ये सामावला गेला आहे. वातावरणाच्या दाबापेक्षा जास्त दाबावर चालणाऱ्या कोणत्याही प्लँटचा सुरक्षित कार्यदाब ओलांडला जाऊ नये यासाठी परिणामकारक उपाय करा, अशी त्या कलमात अट होती. तुमची ट्यूब बाजू ९ बारवर जाऊ शकते, हे वर दाखवलंच आहे.

शेवटी ट्यूब प्लगबद्दल, कारण असा एक्स्चेंजर लाइनमध्ये राहिला तर उद्या गळती निघाल्यावर कुणीतरी प्लग मारायला सांगणारच. गळणाऱ्या ट्यूबला दोन्ही टोकांना प्लग मारले की त्या ट्यूबचं एक स्वतंत्र, बंद भांडं तयार होतं. बारीक भोकातून सॉल्व्हंट आत शिरतो, दाब शेलइतका होतो, शेल रिकामं केलं तरी भोक गाळानं बुजलं तर तो आतच राहतो. नंतर चॅनेल उघडून कुणी प्लगसमोर उभं राहून तो काढायला गेला, तर प्लग गोळीसारखा सुटतो. म्हणून प्लग मारण्याआधी ट्यूबला आतून मोठं भोक पाडून घ्या, म्हणजे ती शेलसोबत भरेल आणि शेलसोबतच रिकामी होईल. आणि जुने प्लग काढताना तोंडासमोर कुणी उभं राहायचं नाही, परमिटवर तसं लिहूनच काम द्या.

एक्स्चेंजर पुन्हा कधी पाण्यावर घ्यायचा ठरलाच, तर ट्यूब बाजूचा हायड्रोटेस्ट, टीआरव्हीची ताजी बेंच टेस्ट आणि ब्लाइंड काढल्याची सही या तीन गोष्टी झाल्याशिवाय सॉल्व्हंट लाइनीत घेऊ नका. मग आधी पाणी पूर्ण चालू करा, चॅनेलच्या व्हेंटमधून हवा काढा, आउटलेटला प्रवाह दिसला की मगच शेलचा इनलेट हळूहळू उघडा.